दाताचं माप: एकदा फसलं, मग जमलं

खालची उजवीकडची दाढ, रूट कॅनल झालेलं, फक्त कॅप बसवायची राहिलेली. मला वाटलं सुटलो. पण माप देणं (म्हणजे ट्रेमध्ये मऊ लगदा भरून तो दातांवर दाबून त्यांचा साचा घेणं) हा प्रकार मला रूट कॅनलपेक्षा जड गेला, कारण ब्रश जरा आत गेला तरी मला उमासे येतात.

पहिल्या क्लिनिकात (नाव नको) असिस्टंटने रबरी वाटीत पावडर घेतली, पाणी टाकलं आणि वाटीच्या कडेला दाबून दाबून घोटायला लागली, आधी जांभळं होतं ते बघता बघता गुलाबी झालं. हे अल्जिनेट. रंग बदलला की समजायचं आता तोंडात घालायची वेळ झाली. खालचा ट्रे निभावला, वरचा आला आणि तो थंडगार बुळबुळीत गोळा घशाकडे सरकतोय असं वाटून मी ट्रेसकट उठूनच बसलो, शर्टावर सांडलं ते वेगळंच. दुसऱ्यांदा कसंबसं झालं. मग ती मापं ओल्या टिशूत गुंडाळून पिशवीत टाकली, "लॅबचा मुलगा उद्या सकाळी येतो". तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही.

आठ दिवसांनी कॅप आली. बसली, पण कडेला फट. चिवडा खाल्ला की शेंगदाण्याचा कण तिथेच जाऊन बसणार. निळा कागद चावायला देऊन तीनदा कॅप घासली, पण घासून उंची कमी होते हो, फट कशी भरणार?

दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडम म्हणाल्या, "काका, अल्जिनेटमध्ये बहुतेक सगळं पाणीच असतं. हवेत राहिलं की पाणी सुटून आकसतं, फार ओलं ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. लगेच त्यात प्लास्टर ओतून दातांचा नमुना करायला हवा." म्हणजे माझं माप रात्रभर पिशवीत आपलं आपलं बदलत बसलं होतं. दाढ घासण्यातही गडबड असेल कदाचित, सगळा दोष मापावर नाही टाकत.

जुनी कॅप कापून काढली. मग हिरडी आणि दाताच्या मध्ये बारीक दोरा दाबून बसवला, कड नीट दिसावी म्हणून, भूल होती तरी तो दाब जाणवतोच. असिस्टंटने चक्क लॅटेक्सचे हातमोजे काढले, दुसरे घातले, आणि दोन डब्यांतून सारखे गोळे घेऊन कणीक मळावी तसं मळायला लागली, दोन रंगांचा एक होईपर्यंत. मी विचारलं मोजे का बदलले, तर म्हणे लॅटेक्समधल्या गंधकाने हे सिलिकॉन नीट सेटच होत नाही. ही पुटी. त्यावर बंदुकीसारख्या यंत्रातून पातळ सिलिकॉन दाताभोवती सोडलं आणि ट्रे दाबला. पाचेक मिनिटं तसंच.

वरच्या जबड्याला मात्र परत अल्जिनेट. माझा चेहरा बघून मॅडमनी खुर्ची सरळ केली, मान पुढे करायला लावली, नाकाने श्वास घ्या आणि एक पाय उचलून धरा म्हणाल्या. पाय थरथरायला लागला की घशाकडे लक्षच जात नाही, खरंच! वर त्यांनी गोष्ट सुरू केली, पूर्वी म्हणे मापासाठी अगार (शेवाळापासूनचा जेलीसारखा पदार्थ) वापरायचे, ते मुख्यतः जपानकडून यायचं, दुसऱ्या महायुद्धात ते मिळेना म्हणून समुद्री शेवाळापासूनच केलेलं हे अल्जिनेट पुढे आलं. मी ट्रे तोंडात धरून "हं हं" करत होतो तोवर सेट झालं, खटकन काढलं, आणि त्यांनी माझ्यासमोरच त्यात प्लास्टर ओतायला पाठवलं. सिलिकॉनचं माप निवांत दुसऱ्या दिवशी लॅबला गेलं, त्याला घाई नसते.

खर्च दुप्पट झाला, चिडचिड झालीच. नवीन कॅप सिमेंट लावायच्या आधी नुसती ठेवून दाखवली, मॅडमनी टोकदार सळई कडेने फिरवली, कुठे अडकली नाही. घरी येऊन पहिलं काय केलं असेल तर चिवड्याचा डबा उघडला, मग आठवलं, तासभर खायचं नाही सांगितलंय.