आप्पाचं डोकं: माग एकदाचा समोर आला

मंडळी, आली एकदाची गाडी रुळावर! आप्पा म्हणजे दोन्ही कानांत माईक बसवलेलं, कापडदुकानातल्या पुतळ्याचं डोकं. त्याच्या कानांनी टिपलेला मामांच्या कारखान्यातला माग परवा हेडफोनवर चक्क समोर ऐकू आला. डोक्याच्या आत नाही, मानेमागे नाही. समोर, हातभर अंतरावर.

डावं-उजवं आप्पाला पहिल्यापासून जमतं. उजव्या कानाच्या रेषेत टाळी वाजवली की डाव्या ट्रॅकवर ती ३१ सॅम्पल उशिरा उमटते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) साधारण ०.६५ मिलिसेकंद. माणसाच्या डोक्यालाही एवढाच फरक पडतो. कापडदुकानातल्या पुतळ्याकडून आणखी काय मागणार?

रडगाणं होतं पुढच्या-मागच्याचं. नाकासमोरचा आवाज काय नि बरोबर पाठीमागचा काय, दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतो. खालच्या सुरांना वेळेतला फरक, वरच्यांना जोरातला, हा भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेचा १९०७चा हिशेब इथे हात टेकतो. एरवी आपण मान जराशी वळवतो आणि निकाल लागतो. रेकॉर्डिंग ऐकताना ती सोय नाही. उरल्या बाहेरच्या कानाच्या घड्या. ५ किलोहर्ट्झच्या वर त्या आवाजात दिशेप्रमाणे वेगवेगळे खड्डे पाडतात, म्हणजे काही सूर दाबतात, आणि त्यावरून पुढचं-मागचं कळतं.

म्हणून तर अल्जिनेटमध्ये (दातांचे साचे घेतात ती लापशी) माझ्याच कानांचे साचे काढून आप्पासाठी सिलिकॉनचे कान ओतले होते. (सिलिकॉन थंडीतच ओता. सोलापूरच्या उन्हाळ्यात हार्डनर घातला की ते डब्यातच आळायला लागतं.) कान झकास उतरले. तरी मामांच्या कारखान्यातलं रेकॉर्डिंग तसंच! धोटा डावीकडून उजवीकडे गेलेला स्वच्छ कळायचा, पण अख्खा माग मानगुटीवर बसलेला.

माईकचे कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणाऱ्या टिकल्या, बदलावेत असंही मनात आलं. पण प्रायमो ईएम १७२ इतकं शांत कॅप्सूल या किमतीत दुसरं नाही, हे माझं मत कायम आहे. ऑनलाइन विक्रेत्याने ‘जुळवलेली जोडी’ म्हणून पाठवलेल्या दोघांच्या आवाजपातळीत जवळपास २ डेसिबलचा फरक निघाला, ते वेगळं. तो एकाची पातळी (गेन) कमी-जास्त करून मिटवला.

गोम हेडफोनमध्ये निघाली. आवाजावर आप्पाच्या कानाचा रंग चढलेलाच असतो. त्यावर हेडफोनची वाटी आणि माझा कान मिळून दुसरा हात मारतात. तेच कॅप्सूल माझ्या कानांच्या तोंडाशी बसवले, वरून हेडफोन घातला आणि रूम ईक्यू विझार्ड या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमधून स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर) सोडला. ८ किलोहर्ट्झच्या आसपास हा डोंगर! हेडफोन काढून-घालून पुन्हा पुन्हा मोजलं, सरासरी घेतली, उलटा फिल्टर लावला. फक्त डोंगर कापा, खोल खड्डे भरायला जाऊ नका. हेडफोन जरा सरकला की खड्डा जागा बदलतो आणि भरलेली जागा कर्कश वाजते.

मामांना ऐकवलं. “अरे, हा कोपऱ्यातला माग, पिकर झिजलाय त्याचा!” (पिकर म्हणजे धोट्याला ठोका देणारा तुकडा.) माग नेमका ओळखला, पण त्यांना तो अजून पाठीमागूनच ऐकू येतो. बरोबरच आहे, कान माझे आणि फिल्टरही माझाच.

आता गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आप्पाला स्टँडवर उभा करायचा बेत होता. पण हे लिहिताना वाटतंय, त्या गर्दीत त्याला धक्के खायला कशाला न्यायचं? कॅप्सूल माझ्याच कानांत घालून जातो. मान मात्र ताठ ठेवावी लागेल, नाहीतर ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर ऐकणाऱ्याच्या डोक्याभोवती गरगरेल. आप्पा राहील मामांकडे, रात्रपाळीला.

कानात मावेल असं, माईकवरचा वारा अडवणारं फोम कुणी कापून बघितलंय का? माझं सारखं गळून पडतंय.