गावात हवामान बदलाची सभा भरवताना : माझा अनुभव

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आलं आणि आमच्या तालुक्यातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावल्यावर उत्पन्नाला यायला ६-७ वर्षं जातात. त्यामुळे ते वादळ आमच्याकडे अजून संपलेलं नाही. लोक त्यावर रोज बोलतात, पण दर्या का तापतोय, पाऊस असा का वागतोय, हे गावात एकत्र बसून कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, बायकांनी उचलून धरला आणि सभेची तयारी माझ्याकडे आली.

सगळ्यात जास्त वेळ तारीख ठरवण्यात गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. रविवार शहरात सोयीचा, आमच्या कोळीवाड्याला वाराशी देणंघेणं नाही. उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हा डोलीच्या, म्हणजे ओढीत बांधून ठेवायच्या जाळ्याच्या, होड्या बाहेर असतात. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ मंदावते, तेव्हा माणसं घरी सापडतात. बागायतदारांची कामं दिवसा, मच्छी विकणाऱ्या बायका दुपारपर्यंत बाजारात, मोहल्ल्यातल्या मंडळींना मगरिबच्या नमाजानंतर मोकळीक. म्हणून पौषातली अष्टमी आणि संध्याकाळी साडेसातची वेळ ठरली. सरपंचताईंनी ग्रामपंचायतीचं पत्र लगेच दिलं. माईकसाठी पोलीस ठाण्याची परवानगी मिळाली. एका शाळेने मात्र मुलं पाठवायला वरच्या कार्यालयाचं पत्र मागितलं आणि ते वेळेत आलं नाही. मग मुलांच्या आयांनाच सांगितलं, आणि मुलं त्यांच्याबरोबर आली.

व्याख्यान ठेवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. ज्यांनी पन्नास-पन्नास पावसाळे दर्यावर काढलेत, त्यांना खुर्चीवर बसवून ऐकवत राहणं मला पटत नाही. देवळाच्या सभामंडपात एक लांब ताडपत्री बांधली, तिच्यावर खडूने वर्षं लिहिली आणि म्हटलं, आठवेल ते सांगा. २००९ चं फयान, २०१९ चं क्यार, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते ही नावं भराभर आली. मग २२ जुलै २०२१ : महाडजवळचं दरडीखाली गेलेलं तळीये आणि पुरात बुडालेलं चिपळूण. एक आजी उठून म्हणाल्या, "उधानाचा पानी पयलं वाळवनापर्यंत थांबायचा, आता पार चुलीपाशी येतंय." त्यांच्या घराची जागा आम्ही ताडपत्रीवर खुणेने दाखवली. तासाभरात डावीकडची बाजू मोकळी आणि उजवीकडे खुणांना जागा उरली नाही. जुनं विसरायला होतं, हे धरूनही तो फरक डोळ्यांत भरणारा होता.

त्यानंतर कारणांकडे वळलो. बंदरावरून बर्फ आणला होता. एका परातीत बर्फ पाण्यात तरंगत ठेवला, दुसरीत पाण्यातल्या दगडावर, आणि दोन्हीकडे पाण्याची पातळी खुणेने आखली. तरंगणारा वितळला तरी रेघ तिथेच राहिली. दगडावरचा वितळला आणि पाणी रेघेच्या वर चढलं. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ असा जमिनीवरचा आहे. मग काठोकाठ भरलेल्या रंगीत पाण्याच्या बाटलीच्या बुचात नळी मेणाने बसवली आणि बाटली गरम पाण्यात ठेवली. पाणी नळीत वर सरकताना मुलांनी पाहिलं. तापलेला समुद्र नुसता फुगूनही वाढतो. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेगही वाढतो आहे.

वादळासाठी समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर लागतं. अरबी समुद्र तापत चालल्याने इकडची वादळं जोर धरू लागली आहेत. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडतो तेव्हा पाऊस एकदम कोसळतो. कासवांचं सांगितलं तेव्हा तरुण मुलं पुढे सरकली : दिवेआगरला, हरिहरेश्वरला, खाडीपलीकडे वेळासला कासवं अंडी घालतात, आणि वाळू तापली की पिल्लांत माद्या जास्त निघतात.

पण सभेचा खरा कस पुढे लागला. लोक सगळंच हवामान बदलाच्या माथी मारू लागले. ते मी मानलं नाही, आणि असा कार्यक्रम करणाऱ्या कुणीही मानू नये असं मला वाटतं. किनारा खचतो त्यात वाळू उपशाचाही हात आहे. मासळी घटली त्यात बंदी असूनही चालणारी एलईडी मासेमारी आहे. दरड कोसळते तिथे डोंगर कापलेला असतो का, हेही पाहावं लागतं. ही कारणं लपवली तर गावातला दोषी मोकळा सुटतो आणि सगळा राग आभाळावर जातो. आम्ही ताडपत्रीवर दुसऱ्या रंगाच्या खडूने ही कारणं वेगळी लिहिली. काही चेहरे उतरले, एक गृहस्थ उठून गेले. तरी लिहिलं.

एका मामांनी विचारलं, "धूर त्यांचा, आणि घर आमचं का पडतं?" प्रश्न रास्त होता. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. आमच्या कोळीवाड्यातली बाई तर त्या २ टनांच्याही खूप खाली असणार. अन्याय आहे, हे मी तसंच सांगितलं. पण पुढचं वादळ येताना कुणाच्या स्लॅबच्या घरात कोण जाणार, हे आपणच ठरवायचं, हेही सांगितलं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही तीन मागण्या ठेवल्या. शाळेत पर्जन्यमापक बसवून मुलांनी रोज नोंद ठेवायची. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात क्षारांसाठी तपासायचं. वादळात आसऱ्याला जायच्या पक्क्या घरांची यादी, किल्ली कुणाकडे यासह, वाडीवार लावायची. पहिल्या दोन मंजूर झाल्या. यादीवर वाद झाला, कारण आपलं घर यादीत नको असं म्हणणारेही निघाले. त्यांच्याकडे घरोघर जाऊन बोलणं सुरू आहे.

पुढची बैठक खाडीकाठच्या वाडीत आहे. तिथले शेतकरी म्हणतात, कांदळ (खारफुटी) वाढलं म्हणून आमची खार जमीन गेली. मला दिसतं ते उलट : आधी बांध फुटतो, खारं पाणी भातात शिरतं आणि मग मागोमाग कांदळ येतं. हे देवळात बसून पटणार नाही. म्हणून बैठक बांधावरच आणि ओहोटीच्या वेळी ठेवली आहे, म्हणजे कुठे फुटलंय ते सगळ्यांना दिसेल.