तुपाचा डबा

"माताजी, यह नहीं जाएगा." विमानतळावर तपासणी करणाऱ्या जवानाने स्टीलचा डबा ट्रेमधून उचलून बाजूला ठेवला.

रांगेत माझ्या पुढे नऊवारीतल्या आजी. डब्याच्या झाकणाला जुन्या साडीची चिंधी घट्ट आवळलेली. दुबईला लेक बाळंत झालीये, तिच्यासाठी घरी कढवलेलं साजूक तूप.

"बॉम्ब नाही रे बाळा, तूप आहे," त्या मराठीतच म्हणाल्या. मग स्वतः चिंधी सोडून त्याला वास घ्यायला लावला. त्याने खरंच वाकून वास घेतला, आणि मान खाली घालून पुन्हा नाही म्हणाला.

चूक त्याची नव्हती. २००६ साली लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव नाही. तूप, लोणचं, चटणी सगळं त्यातच मोजतात. हाच डबा नीट बांधून विमानाच्या पोटात जाणाऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकला असता तर बहुतेक गेला असता. पण बॅग कधीच पुढे गेली होती.

आजींनी चिंधी मात्र घडी करून कमरेला खोचली.

तिकिटाबरोबर हे नियम त्यांना मराठीत कोणी वाचून दाखवले असते तर?