तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘ग्नू’ का म्हणते

‘मॅडम, सगळं जग लिनक्स म्हणतं, तुम्हीच तेवढं ग्नू/लिनक्स का म्हणता?’ लॅबमध्ये मी शिकवते ती, विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ही लिनक्स. दर जूनमध्ये नवी बॅच हे विचारते. स्टाफरूममध्ये नवीन कुणी रुजू झालं की तेही विचारतं. एकदा लॅबचा एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसानं भिंतीवर मी चिकटवलेला कागद वाचून विचारलं होतं. त्याचा राग आला नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. बाकीच्यांना मी कशी चिडते ते बघायचं असतं. पाठीमागे मला ‘ग्नू मॅडम’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. ग्नू हा आफ्रिकेतला शिंगवाला प्राणी आहे हेही ठाऊक आहे.

तर एकदाचं लिहून टाकते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यंत्राशी थेट बोलणारा भाग (लष्करातला नव्हे, एवढं पुरे). रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केलं की युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी, पण कुणालाही वापरता, बदलता, वाटता येईल अशी अख्खी सिस्टिम लिहायची, आणि तिचं नाव ग्नू. पुढच्या काही वर्षांत जीसीसी हा कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) झाला, टाइप केलेल्या कमांड चालवणारं बॅश झालं, एलएस-सीपी-कॅटसारख्या कमांडचं रोजचं सामान झालं. कर्नल तेवढा राहिला. हर्ड नावाचा त्यांचा कर्नल रखडला तो रखडलाच. मग २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण एक सिस्टिम लिहीत असल्याचं कळवलं. त्या छोट्याशा निरोपात तो म्हणतो की हा आपला छंद आहे, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. आणि त्याच निरोपात म्हणतो की बॅश आणि जीसीसी यावर आणून झालेत. नव्या घरात पहिले राहायला आले ते हे दोघे, ग्नूचेच! म्हणजे कर्नल लिनसचा, सामान ग्नूचं, म्हणून मी दोन्ही नावं घेते.

बरं, ज्या नावासाठी तुम्ही माझ्याशी वाद घालता ते लिनसनंही धरून ठेवलं नव्हतं. स्वतःचं नाव मिरवल्यासारखं होईल म्हणून त्यानं ‘फ्रीक्स’ ठरवलं होतं. फाइली सर्व्हरवर ठेवणाऱ्या आरी लेमकेनं त्याला न विचारताच फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिलं, आणि तेच चिकटलं. स्टॉलमन यांनी मध्यंतरी ‘लिग्नक्स’ असंही सुचवून पाहिलं होतं. ते कुणी घेतलं नाही हे बरं झालं, एवढं मीसुद्धा मान्य करते.

हे सगळं मी वर्गात सांगते. २०१५ सालची ती प्रॅक्टिकल परीक्षा मात्र कुणाला सांगितलेली नाही.

एप्रिल होता. लॅब चौथ्या मजल्यावर, खिडक्या परळच्या बाजूला, दोन पंखे बंद. एक्स्टर्नल (बाहेरच्या परीक्षक) म्हणून आलेल्या बाईंना चारची गाडी गाठायची होती. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, पाच गुणांचा. विरारहून येणारा एक मुलगा समोर बसला. प्रॅक्टिकल त्याचं दहा मिनिटांत झालं होतं, स्क्रिप्ट पहिल्या फटक्यात चालली होती. मी विचारलं, ‘ही कुठली ऑपरेटिंग सिस्टिम?’

‘लिनक्स.’

‘नक्की?’

दुसरा कुणी असता तर माझा चेहरा बघून ‘ग्नू’ म्हणाला असता, वर्षभर तेच ऐकवलं होतं मी. हा कीबोर्डाकडे वळला. सिस्टिमचं नाव सांगणारी ‘युनेम’ ही कमांड टाइप करून एंटर मारलं. काळ्या स्क्रीनवर एकच शब्द आला, लिनक्स. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यात उद्धटपणा नव्हता, हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मला दिसला होता.

‘डॅश ओ लावून बघ,’ मी म्हटलं.

त्यानं लावलं. ग्नू/लिनक्स. मी एक्स्टर्नलकडे बघून हसलेसुद्धा.

तो क्षणभर थांबला. ‘पण मॅडम, म्हणजे खोदून विचारलं तरच सांगतो.’ आणि मग, अगदी हळू, ‘आणि ही कमांड ग्नूवाल्यांनीच लिहिलीय ना? मग ते आपलं नाव घालणारच.’

बाई मोठ्यानं हसल्या. मी पाचपैकी दोन दिले. लाल पेनानं, रोल नंबरासमोर. बाईंनी न बघता शेजारी सही केली.

साडेतीनला सगळे गेले. जर्नलांचे गठ्ठे बांधत होते. त्याचं जर्नल हातात आलं, तपकिरी कव्हर, कोपऱ्यावर पावसाळ्यातल्या कधीतरीचा चहाचा डाग. उघडलं. प्रयोग क्रमांक १, ‘लिनक्स इन्स्टॉल करणे’. खाली लाल सही. प्रयोग २, ‘लिनक्समधील मूलभूत कमांड’. लाल सही. दहा प्रयोग, दहा सह्या, शेवटी सर्टिफिकेट, त्यावर ‘लिनक्स लॅब’ छापलेलं आणि खाली माझं पूर्ण नाव. वर्षभर मी ते तपासत होते. एकदाही खोडलं नव्हतं.

गुणपत्रक अजून माझ्याच टेबलावर होतं. बाई जिन्यात असतील, फार तर गेटापाशी. हाक मारून दोनाचे चार करून दोन सह्या घेता आल्या असत्या. मी पाकीट चिकटवलं.

तेव्हाच्या मला विचाराल तर ती म्हणेल, तत्त्वाचा प्रश्न होता. तिला विचारावंसं वाटतं, कुणाच्या तत्त्वाचा? त्या पोराच्या दोन गुणांतून ग्नूला काय पोचलं? त्यावर ती म्हणेल, ज्यांनी आठ वर्षं खपून सामान तयार केलं त्यांचं नाव घ्यायला मुलांना कधीतरी शिकवायला नको? आणि मला उत्तर सुचत नाही, कारण हे मला अजूनही पटतं. मुलगा पास झाला. दोन गुणांनी काय होतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या गुणांमुळे त्याचा क्लास गेला की राहिला ते मी कधी पाहिलं नाही. पाहता आलं असतं.

मधल्या काळात माझी बाजू लंगडी पडत चाललीय, तेही सांगते. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो, त्यात ग्नूचं सामान नाही. तिथे मी ग्नू म्हणणं खोटं ठरेल. अल्पाइन नावाचं डिस्ट्रो (तयार लिनक्सचा एक प्रकार) आहे, त्यातही ग्नूची सी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारं पायाभूत सामान) नाही, साध्या कमांडसुद्धा बिझीबॉक्स या दुसऱ्याच प्रकल्पाच्या. आणि उबुंटू या डिस्ट्रोच्या २५.१० आवृत्तीपासून ग्नूच्या कमांडच्या जागी बहुतेक रस्ट या भाषेत नव्यानं लिहिलेल्या आल्या. म्हणजे एलएससुद्धा गेलं. डेबियन हे डिस्ट्रो मात्र अजून स्वतःला ग्नू/लिनक्स म्हणवतं, माझा जीव तेवढ्यावर आहे.

१ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव लागतं, मूल, आई, वडील, आडनाव या क्रमानं. निर्णय आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, ‘बघा, हेच सांगतेय मी!’ शेजारच्या टेबलावरच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी विचारलं, ‘तुमच्या यादीत आईची नावं आधीपासूनच आहेत ना? हजेरीला घेता का?’

नाही घेत. हजेरीला नुसतं पहिलं नाव, तेही अर्धं गिळून. साठ मुलं असतात. आणि प्रभादेवी स्टेशनला नवं नाव मिळून वर्षं झाली, मी रोज एल्फिन्स्टनलाच उतरते. सरांना हे सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी तेही धरलं असतं.

भिंतीवरचा कागद अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. व्हायवात तोच प्रश्न अजून विचारते, पण २०१५ नंतर त्याला गुण ठेवलेले नाहीत. जर्नलाचं सर्टिफिकेट बदलून घ्यायला ऑफिसात दोनदा अर्ज दिला. क्लार्क म्हणाले, ‘आधीचा साठा संपू दे.’

गेल्या वर्षी एका मुलीनं प्रश्न ऐकून आधी मला विचारलं, ‘मॅडम, याला मार्क आहेत का?’

‘नाहीत.’

‘मग लिनक्स.’