एदे उरी, दोन वर्षांची जळजळ आणि पलंगाखालचे ठोकळे

माझं काम बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, लेथ मशीनवर. टर्नर म्हणून लागलो त्याला आता १८ वर्षं झाली. सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी ३ ते रात्री ११, घर वडगावात. घरी येऊन हातपाय धुवून ताटावर बसायला पावणेबारा व्हायचे, आणि जेवलं की सरळ आडवं. एवढं वाचूनच काही जणांना कळलं असेल माझं दुखणं काय ते, पण मला स्वतःला कळायला दोन वर्षं गेली.

छातीत जळजळ आधी महिन्यातनं एकदा व्हायची, मग आठवड्यातनं दोनदा, मग रोज. रात्री दोन-अडीचला जाग यायची ती घशाशी आंबट पाणी आल्यानंच. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागं, कुणीतरी संकेश्वरी मिरचीचा ठेचा चोळल्यासारखं. उठून बसलं की कमी, आडवं झालं की परत सुरू. सकाळी आवाज बसलेला, कोरडा खोकला, तो खोकला मला वाटायचा कूलंटच्या, म्हणजे मशीन थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याच्या, वासानं येतोय, म्हणून मी कंपनीत तोंडाला रुमाल बांधून काम करायचो, बाकीची पोरं हसायची.

घरात प्रत्येकाकडं एकेक औषध. आई म्हणायची थंड दूध पी, ते प्यायलो की दहा मिनिटं बरं वाटायचं आणि तासाभरानं दुप्पट जळजळ. शेजारच्या काकूंनी धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं, ते पंधरा दिवस केलं. लोंढ्याच्या मेव्हण्यानं सोलं आणून दिली. मग मोरावळा, मग सूतशेखर. कुणाला गुण येत असेल तर येऊ दे, मी नावं ठेवत नाही, पण मला नाही आला, आणि का नाही आला ते पुढं कळलं. सोड्याच्या पुड्या तर खिशातच असायच्या, पाण्यात टाकली, फसफसली, ढेकर आली, सुटलो असं वाटायचं. एक तास. आणि वर जेवणानंतर तोंडाला बरं वाटावं म्हणून पुदिन्याच्या गोळ्या चघळायचो रोज तीन-चार!

शेवटी मेडिकलवाल्यानं ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल ४० दिलं. ते मी घेत होतो, पण कसं? जळजळ सुरू झाली की. म्हणजे रात्री दोनला, भरल्या पोटी. कधी सलग चार दिवस घेतलं, बरं वाटलं की बंद, मग परत. वर्षभर असं चाललेलं आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेलो की मला गोळीच लागू पडत नाही ओ.

आमच्याकडं शिवजयंती वैशाखात, तिथीप्रमाणं, आणि बेळगावची चित्ररथाची मिरवणूक म्हणजे रात्रभर. त्या रात्री मित्रांबरोबर उभ्या उभ्या मिरची भजी, मग एके ठिकाणी मिसळ, चहा तर किती झाला मोजलाच नाही, पहाटे चारला घरी येऊन झोपलो. साडेपाचला उठलो तो छातीत नुसती जळजळ नाही तर दाबल्यासारखं, अंगाला घाम. बायको घाबरली. धाकट्या भावाला उठवलं, तो म्हणाला, "दादा, ॲसिडिटी असू दे नाहीतर काय पण असू दे, आधी चल." मला मध्ये बसवून मागं पुतण्या, असं ट्रिपल सीट दवाखान्यात.

तिथं आधी ईसीजी काढला, रक्त घेतलं, दोन-तीन तास ठेवून परत ईसीजी. दोन्ही नॉर्मल. मला जरा लाजच वाटली, म्हटलं पित्तासाठी एवढा गोंधळ केला. पण कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणाले की हृदयाचं दुखणं आणि ॲसिडिटी बाहेरनं सारखीच वाटू शकते, दाब आणि घाम असला की घरी सोडा पीत बसायचं नाही, ईसीजी काढूनच ठरवायचं. कुणी वाचत असाल तर एवढं तरी लक्षात ठेवा बाबांनो.

मग पुढच्या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडं. ते कन्नड, पण मराठी समजतं, आणि बोलताना दोन्हीची खिचडी. पहिलाच प्रश्न, "एदे उरी यष्टु दिवसदिंद?" एदे म्हणजे छाती, उरी म्हणजे जळजळ, ती किती दिवसांपासनं असं विचारत होते. बघा, कन्नडमध्ये सरळ छातीचं नाव आहे, आपण मात्र पित्त पित्त म्हणून पोटाच्या मागं लागतो. मग प्रश्नांची सरबत्ती. गिळताना अडकतंय का, वजन आपोआप उतरलंय का, उलटीत रक्त, शौचाला काळं डांबरासारखं होतंय का. सगळ्याला नाही. वजन उतरायचं लांबच, ८४ किलो भरलं.

मग म्हणाले, दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता? मी म्हटलं काही नाही. बायको शेजारी बसलेली, ती म्हणाली, "अहो, कमरेची गोळी घेता की." तर झालं काय, दिवसभर लेथवर वाकून कंबर धरते, त्याला मी पेनकिलर घ्यायचो, आठवड्यातनं तीन-चार वेळा, रिकाम्या पोटी पण. ती गोळी मी औषधात धरतच नव्हतो. आणि कमरेला पट्टा, तो पण आवळून, शिफ्टभर. डॉक्टरनी डोक्याला हात लावला. पेनकिलरनं आतली चामडी दुखावते आणि पट्ट्यानं पोट दाबलं जाऊन आतलं वर ढकललं जातं, म्हणजे मी दोन्हीकडनं काडी लावत होतो.

एंडोस्कोपी सांगितली. पण त्याआधी १४ दिवस पॅन्टोप्राझोल बंद, कारण पोटातल्या एच. पायलोरी नावाच्या जंतूची टेस्ट करायची होती, आणि ती गोळी चालू असली तर जंतू असून पण नाही दाखवू शकतो. फक्त जळजळ शमवायचं पांढरं पातळ औषध प्यायचं.

ते १४ दिवस काय सांगू. गोळी बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासनं अशी जळजळ की आधीची बरी म्हणायची वेळ आली. मला वाटलं रोग वाढायला लागलाय. नंतर डॉक्टरनी सांगितलं की बरेच दिवस ॲसिड दाबून ठेवलं की गोळी सोडल्यावर पोट उसळी मारून जास्त ॲसिड करतं, काही दिवसांनी ते आपोआप खाली बसतं. हे आधी सांगितलं असतं तर मी रात्री खुर्चीत बसून कॅन्सरबद्दल मोबाईलवर वाचत बसलो नसतो. खुर्चीतच झोपायचो तेव्हा. त्या जंतूबद्दल वाचलेलं एक मात्र आवडलं, बॅरी मार्शल म्हणून ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, त्यांचं कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये त्यांनी तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला, आणि २००५ ला त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. माणूस जिद्दीचा.

एंडोस्कोपीची भीती मात्र फुकट होती. रात्रीपासनं उपाशी, सकाळी घशात कडू स्प्रे, घसा बधिर, डाव्या कुशीवर झोपवलं, तोंडात प्लॅस्टिकचं रिंगण आणि नळी आत. ओकारी येते, डोळ्यातनं पाणी येतं, पण पाच-सात मिनिटांत संपलं. जंतू निघाला नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बारीक ओरखडे, ग्रेड ए, म्हणजे सगळ्यात हलक्यातले, आणि लहानशी हायटस हर्निया.

हर्निया ऐकून बायकोचा चेहरा उतरला. डॉक्टरनी विचारलं काम काय करता, उद्यमबाग म्हटल्यावर हसले, म्हणाले मग एनआरव्ही माहिती असेल की. नॉन रिटर्न वाल्व, पाणी एकाच बाजूला जाऊ देतो, उलटं येऊ देत नाही. अन्ननलिका पोटाला जिथं मिळते तिथं तसाच वाल्व. त्याला बाहेरनं छाती-पोटाच्या मधल्या पडद्याचा आधार असतो, त्या पडद्याचं भोक सैल झालंय आणि पोटाचं वरचं टोक त्यातनं थोडं वर सरकतंय, म्हणून वाल्व नीट बसत नाही. मला लगेच कळलं, मशीनमधल्या बुशचा क्लिअरन्स, म्हणजे आतली फट, वाढला की कसं सैल होतं. तोपर्यंत मी समजत होतो की माझ्या पोटात ॲसिड जास्त होतंय. ॲसिड जागच्या जागी असतं तर काही त्रास नव्हता, ते चुकीच्या जागी येत होतं. आता दूध, सोडा, मोरावळा काय करणार, वाल्व तर तसाच!

मग गोळीचं. तीच गोळी, तेच ४०, आठ आठवडे, पण सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी आणि अर्ध्या तासानं नाश्ता करायचाच. खाली होट्टी, खाली होट्टी, म्हणजे रिकामं पोट, असं तीनदा बजावलं. पोटात ॲसिड करणारे बारीक पंप असतात, आपण खाल्लं की ते चालू होतात, आणि गोळी फक्त चालू पंपालाच पकडते. म्हणजे ती आधीच रक्तात जाऊन दबा धरून बसायला पाहिजे. मी रात्री दोनला पंप झोपायला लागल्यावर गोळी घेत होतो आणि वर गोळीला शिव्या देत होतो.

जेवणाचं सगळ्यात अवघड गेलं, खरं सांगतो. डॉक्टर म्हणाले झोपायच्या आधी तीन तास पोट मोकळं पाहिजे. आता अकराला सुटणाऱ्या माणसानं काय करायचं? शेवटी तोडगा काढला, मुख्य जेवण साडेसातच्या ब्रेकमध्ये, डबा घेऊन. घरी आल्यावर भूक लागलीच तर चार घास ताक-भात, ते पण खाऊन तासभर बसून. पहिला महिना बायको रुसली होती, कारण दिवसभरात आमचं एकत्र बसणं म्हणजे ते रात्रीचं ताट. आता ती माझ्या ताकाबरोबर नुसती बसते आणि पोरांच्या तक्रारी सांगते, म्हणजे बसणं आहेच.

तिखटाची गंमत वेगळीच. मे महिना, साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या, आणि रिपोर्ट दाखवायला हौसेनं बरोबर आलेल्या. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "खारा कम्मी माड्री." कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट. सासूबाईंनी ऐकलं खारं. घरी येऊन स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि चार दिवस मला अळणी आमटी, अळणी भाजी, पण चटणी मात्र घसघशीत! मी पण मुकाट्यानं खातोय, म्हटलं डॉक्टरनी सांगितलं असेल. पाचव्या दिवशी बायकोला संशय आला. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, त्या म्हणतात मीठ कमी केल्यानंच जावयांना गुण आला.

तसं तिखटानं मला वाटलं होतं तेवढा त्रास होत नाही. मी वहीत लिहून काढलं महिनाभर, काय खाल्लं आणि रात्री काय झालं. तेलकट तळलेलं आणि रात्री उशिराचा चहा, हे दोन मुख्य चोर निघाले. भाकरी, आमटी, बेताचा झुणका काही करत नाही. पुदिना वाल्व अजून सैल करतो म्हणे, त्या गोळ्या बंद केल्या. तुमचे चोर वेगळे असतील, ते वही लिहिल्याशिवाय सापडत नाहीत.

आता ठोकळे. डॉक्टर म्हणाले पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर करा. उशा रचून चालत नाही, त्यानं माणूस पोटात मोडतो आणि दाब वाढतो, सगळं अंगच उतारावर पाहिजे. पहिल्या रात्री विटा ठेवल्या, मध्यरात्री एक पाय सरकला आणि धडाम. सगळा वाडा जागा झाला. मग मी कंपनीत सुपरवायझरला विचारून स्क्रॅपमधला जाड नायलॉन रॉड घेतला, सहा इंचांचे दोन तुकडे, वर पलंगाच्या पायाच्या मापाचा एक इंच खोल खड्डा बोअर केला, म्हणजे पाय आत बसतो, हलायचं नाव नाही. उंची पाच इंचच मिळते पण मला पुरली. बायको दोन आठवडे तक्रार करत होती की ती झोपेत खाली घसरते, मग तिला पण सवय झाली. त्यात डाव्या कुशीवर झोपायचं, त्यानं पोट अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला राहतं. उजव्या कुशीवर वळलो की मला अजून फरक कळतो.

पट्टा सोडला, कमरेसाठी फिजिओकडनं व्यायाम शिकलो, पेनकिलर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. वजन सहा महिन्यांत ७७ वर आलं, मुद्दाम डाएट असं काही केलं नाही, रात्रीचं ताट गेलं त्यानंच.

फरक किती दिवसांत पडला विचाराल तर दहाव्या-बाराव्या दिवशी मी पहिल्यांदा सलग सकाळपर्यंत झोपलो. खोकला जायला मात्र दोन-अडीच महिने लागले. आठ आठवड्यांनी गोळी एकदम नाही सोडली, डॉक्टरनी आधी ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, मग बंद. बंद केल्यावर आठवडाभर परत उसळी आली, पण ह्या वेळी माहिती होतं म्हणून घाबरलो नाही, पातळ औषधावर काढलं. आता महिन्यातनं एक-दोनदा होतं, ते पण कुठल्या लग्नात उशिरा पंगत बसली की. हर्निया आहे तिथंच आहे, तो गोळीनं जात नाही, आणि लहान आहे म्हणून ऑपरेशनची गरज नाही म्हणालेत.

कंपनीत रुमालावरनं हसणाऱ्यांतला एकजण परवा मशीनजवळ येऊन हळूच म्हणाला, "मर्दा, मला पण रात्रीचं जळायलंय, ते ठोकळे किती इंचाचे केलतास?" त्याला आधी डॉक्टरचा पत्ता दिला. पलंगाच्या पायाचं माप उद्या आणतो म्हणालाय.