तळाशी बसलेली खडीसाखर लवकर का विरघळत नाही

नाशकात एप्रिलचं ऊन तापलं की घरोघरी सरबताचं पातेलं निघतं. खडीसाखर टाकली आणि ती तळाशीच बसून राहिली की आपण पाणी तापवायला घेतो. खरं तर आधी ती ठेवलीय कुठे, ते बघावं.

पाणी कमी पडतंय असं नसतं. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. अडचण असते खड्याभोवतीच्या पातळ थराची. तिथे लगेच दाट पाक तयार होतो, आणि संपृक्त, म्हणजे आणखी साखर मावणार नाही अशा पाकाची घनता असते पाण्याच्या १.३ पटीहून जास्त. जड असल्यामुळे तो तळाला साचतो आणि तळाशी पडलेला खडा त्याच पाकात बुडून राहतो. ताजं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

हे घरी ताडून बघा. माठातलं पाणी दोन सारख्या ग्लासांत प्रत्येकी २०० मिली घ्या. १०-१० ग्रॅमचे सारखे खडे विरळ मलमलीत बांधा. एक पुरचुंडी तळाशी सोडा, दुसरी आडव्या चमच्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल अशी लटकवा. मागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारा. लटकत्या पुरचुंडीतून पाकाचे थरथरते धागे सरळ खाली उतरताना दिसतील. पाक खाली गेला की त्याच्या जागी ताजं पाणी येतं, म्हणून वरचा खडा आधी संपतो. मात्र कापड जाड असलं, ग्लास हलला किंवा एका पुरचुंडीत चुरा जास्त गेला, तर तुलना फसते.

चुऱ्याने एवढा फरक का पडावा? घनाकृती खड्याचे आठ सारखे घन केले की वजन तेच राहतं, पृष्ठभाग मात्र दुप्पट होतो.

पाडव्याचे हारकडे खडीसाखरेपेक्षा लवकर विरतात, कारण ते बारीक स्फटिकांचे असतात आणि फटींतून पाणी आत शिरतं. लिमलेटच्या गोळीत तर स्फटिकच नसतात. सुमारे १५० अंशांपर्यंत आटवलेला पाक काचेसारखा गोठलेला असतो. म्हणूनच पावसाळ्यात उघडी राहिली की ती चिकट होते.

लिंबू पिळल्याने साखर लवकर विरघळते, हा गैरसमज आहे. आम्लाने साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं खरं, पण थंड पाण्यात ते फार सावकाश.

बर्फ मात्र शेवटीच घाला. शून्य अंशालाही १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १८० ग्रॅम साखर मावते, पण गार पाण्यात विरघळण्याचा वेग फार मंदावतो.