क्रॉसआउट : छोट्या गाडीवर दोनच गन

क्रॉसआउट या ऑनलाइन गेममध्ये सुटे भाग जोडून आपली लढाऊ गाडी बांधायची आणि इतरांशी लढायचं. त्यातल्या माझ्या कमी पीएसच्या (पॉवर स्कोअर, म्हणजे गाडीच्या ताकदीचा आकडा) गाडीचं काम पुढे सरकलंय. केबिन आणि चाकं तीच ठेवून मी फक्त शस्त्रं बदलत होतो, म्हणजे फरक नेमका कशाने पडतो ते कळेल. आत्तापर्यंतचं मत आधीच सांगून टाकतो: एकाच जातीच्या दोन गन आणि एक रेडिएटर (गन उशिरा तापू देणारा भाग), हे तीन जातींच्या तीन गनपेक्षा सरस ठरतंय.

याचं मूळ एनर्जीत आहे. केबिन ठरावीक एनर्जी देते आणि प्रत्येक गन, प्रत्येक मॉड्यूल त्यातला वाटा खातं. जनरेटर लावून ती वाढवता येते, पण जनरेटर फुटला की आजूबाजूचे भागही घेऊन जातो, आणि एवढ्याशा गाडीत त्याला लपवणार कुठे? त्यात पीएसची गंमत वेगळीच. जो भाग लावाल तो पीएस चढवतो, आणि समोर कोण येणार हे पीएसवर ठरतं. तिसरी गन लावली की शत्रूही वरच्या वर्गातले येतात.

सुरुवात लुपारापासून केली. अगदी जवळ गेलं की ही शॉटगन भयंकर आहे. दूरवरून मात्र छर्रे पसरतात आणि नुसता आवाज होतो. म्हणजे लुपारा निवडली तर गाडीही त्याच बेताची हवी: वेगवान, समोरून जाड, वळणाला चपळ. माझी गाडी हलकी आहे. जवळ पोचेपर्यंत तिचे निम्मे भाग गळून पडायचे. ज्यांना धडक देऊन भिडायला आवडतं त्यांनी लुपाराच घ्यावी, माझा पिंड तो नाही.

मग कॉर्डची जोडी. फ्रंटल मशीनगन असल्यामुळे नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवावी लागते, पण हलक्या गाडीला ते जड जात नाही. गोळ्या संपायची चिंता नाही, आडवी येते ती उष्णता. शत्रूची गन निखळायच्या बेतात आणि नेमकी आपली तापून बंद! रेडिएटरने इथेच फरक पडला. मारा जास्त वेळ सलग चालतो, आणि एकाच गनवर नेम धरून ती उडवणं जमू लागलं. बिनगनची गाडी जिवंत असली तरी तिच्याकडे धडक देणं किंवा बेस पकडणं एवढंच उरतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गन कुठे बसवायच्या यात. दोन्ही छतावर शेजारी ठेवल्या तर खडकाआडून फक्त टोक बाहेर काढून मारता येतं, पण तोफेचा एकच गोळा जवळ फुटला की दोन्ही जातात. दोन्ही बॉनेटवर खाली ठेवल्या तर जरा चढ आला की गोळ्या मातीत. सध्या एक खाली बंपरच्या मागे आणि दुसरी केबिनच्या मागच्या बाजूला उंचावर आहे. दिसायला ध्यान दिसते गाडी, पण एक गेली तरी दुसरी उरते. टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही बरं का. तिथले बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्या, माणसांसारखे हेरून गनवर नेम धरत नाहीत.

अ‍ॅव्हेंजर तोफ लावून पाहिली. झटक्याने हलकी गाडी डुलते, पुढचा नेम जुळेपर्यंत समोरचा निघून जातो. तोफेला जड गाडीच हवी. विषय संपला.

मिश्र जोडी, म्हणजे एक शॉटगन आणि एक मशीनगन, का नको? प्रत्येक गनचं योग्य अंतर वेगळं. दूर असताना एक बेकार, जवळ असताना दुसरी दुबळी. दोन्हींची एनर्जी मात्र पूर्ण भरायची. वेगवेगळ्या बटणांवर गट करून टाकले तरी हे गणित बदलत नाही.

आकडे मुद्दाम देत नाहीये. 2017 पासून बॅलन्स इतक्यांदा बदललाय की जुन्या व्हिडिओंमधले बिल्ड (गाड्यांच्या रचना) जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही.

आता रेडिएटर काढून कूलर लावतोय. रेडिएटर गन उशिरा तापवतो, कूलर तापलेली गन लवकर थंड करतो. आडोशाला जाऊन परत येण्याच्या माझ्या खेळात कूलरला संधी आहे असं वाटतंय. दोन्ही गाड्यांचे ब्लूप्रिंट, म्हणजे आराखडे, जपून ठेवलेत. कुणी कॉर्डवर कूलर चालवला असेल तर सांगा, विशेषतः तापल्यावर पूर्ण थांबता की मधेमधे बटण सोडत मारता ते.